तो बाण अजून दिसतोय

"तो बाण अजून दिसतोय गं," काकी फोनवर म्हणाल्या.

"कुठला बाण?"

रेवा मांडीवर पीत होती. तिचं डोकं माझ्या उजव्या कोपरात, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. माझ्या मालकीचा म्हणून एक डावा हात तेवढा उरला होता आणि तो लॅपटॉपवर होता.

"पांढरा. माऊसचा. स्क्रीनच्या मधोमध ऐटीत बसलाय."

"काकी, माऊस तुम्ही ड्रॉवरमध्ये ठेवलाय ना? मग बसू दे की बाणाला. तो काही करत नाही."

"काही करत न्हाई तर बसलाय कशाला? आणि ड्रॉवर उघडला की पळतोय बघ. आत्ता गिऱ्हाइकाला शर्टाची बटणं काढून देत हुते, तर हा आपला स्क्रीनभर थयथय नाचतोय."

माऊस बिनतारी होता. काकींनी तो बटणांच्या ड्रॉवरमध्ये कोंडला होता, आणि ड्रॉवर सरकला की आतून तो इमानेइतबारे आपलं काम करत होता. मी डोळे मिटले.

"घालवते," मी म्हटलं.

"आज?"

"काकी, मला बाळ आहे."

"ते हाय की. मला पण तीन झाली. आज घालव."

फोन ठेवला गेला. रेवाने पिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं, जणू काय तीही विचारत होती, आज ना?

मगदूमांचं दुकान मिरजेत. शिवणाच्या सामानाचं होलसेल: दोरे, अस्तर, लेस, हूक, चेन, इलॅस्टिक, आणि बटणं. भिंतभर बटणांचे डबे आणि प्रत्येक डब्यावर आतल्या मालातलं एक बटण टाचलेलं. दुकानाच्या तोंडाशीच गल्ल्यावर सुलोचना मगदूम बसत. नवरा गेल्यापासून त्याच बसत होत्या. सगळी मिरज त्यांना काकी म्हणायची. त्यांच्याकडे जुनं, काळ्या स्क्रीनचं बिलिंग होतं. त्यात माऊस नावाचा प्रकारच नव्हता. काकी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, स्क्रीनकडे न बघता बिल करायच्या. तो कॉम्प्युटर एका उन्हाळ्यात बंद पडला तो पडलाच. मग त्यांचे दीर, भरतेश, यांनी ओळखीतल्या कोणाकडून एक रंगीत, माऊसवालं सॉफ्टवेअर आणून बसवलं. ते काकींना जमेना. महिन्याभरात दुकानात बोलणं सुरू झालं की वहिनींचं आता वय झालं, वहिनींनी घरी बसावं, गल्ल्यावर भरतेशनं बसावं.

तेव्हा काकी स्वतः रिक्षा करून आमच्या सांगलीच्या ऑफिसात आल्या. ऑफिस म्हणजे मंदार, मी आणि एक कुलर. मंदार कंपनीचा मालक. मी स्क्रीन आखायची, म्हणजे कुठे काय दिसेल, कोणत्या बटणाने काय होईल ते ठरवायची. रेवा झाल्यावर मी घरूनच काम करत होते आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी तिला सासूबाईंकडे ठेवून ऑफिसात जायची. नेमकी त्या दिवशी होते.

"जुन्यासारखं करून द्या," काकी म्हणाल्या. "माऊस नको. अजिबात नको. दिवाळीची गर्दी चालू व्हायच्या आत मला ते आलं पायजे. दीर म्हणालेत, तवर जमलं तर वहिनी तुम्हीच बसा. न्हाई जमलं तर ते बसणार."

"माऊस नको का पण?" मंदारने विचारलं.

"टेबलावर जागा न्हाई."

मंदारने मान डोलावली. मला ते पटलंही. पण पुढच्या वेळी मी दुकानात गेले तेव्हा टेबलावर ऐसपैस जागा होती. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, माऊसवर सुतं चिकटतात. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाल्या, तो बटणांच्या ढिगात हरवतो. एकदा तर म्हणाल्या, "उंदराला नाव ठेवलंय माऊस, आणि दुकानात अस्तराचे तागे. कोण ठेवून घेईल?" आणि स्वतःच खो खो हसल्या. कारण दर वेळी नवं. अट मात्र तीच.

माऊसशिवाय चालणारं काहीतरी करायचं म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, चार शॉर्टकट द्यायचे आणि मोकळं व्हायचं. मग मी माझ्या लॅपटॉपचा माऊस काढून टाकला, टचपॅडवर पुठ्ठा चिकटवला, आणि माझीच स्क्रीन वापरायला बसले. तारखेपाशीच अडकले. तारखेच्या चौकटीत मी एक गोंडस कॅलेंडर उघडायची सोय केली होती. ते उघडलं, आणि मिटेच ना. मी आणि ते कॅलेंडर, दोघं समोरासमोर बसून राहिलो.

त्यात हात एकच. कंट्रोल, शिफ्ट आणि वर एफ नऊ असा तीन बोटांचा शॉर्टकट मी मोठ्या कौतुकाने ठेवला होता. रेवाला धरून तो दाबायला गेले तर अंगठा आणि करंगळी ताणून हाताचं पंजाच्या ठशासारखं काहीतरी झालं, शिवाय रेवा जागी झाली ती वेगळीच. तो शॉर्टकट मी त्याच क्षणी काढला. जे काही असेल ते एका बोटाने झालं पाहिजे. काकींचा दुसरा हात तरी कुठे मोकळा असतो? त्यात कधी दोऱ्याची रिळं, कधी फोन, कधी गिऱ्हाइकाने नमुन्याला आणलेली चिंधी.

"काकी, आता खाली एक बटण दिसेल, ते निवडा," मी एकदा फोनवर सांगत होते.

"कुठलं? चार भोकांचं का दोन?"

"स्क्रीनवरचं बटण हो!"

"मग बटण कशाला म्हणतीस? ह्या दुकानात बटण म्हटलं की मी उठून डबा काढणार."

म्हणून मग 'बटण' हा शब्द आम्ही दोघींनी सोडून दिला. मी कळ म्हणू लागले. टॅबची कळ त्यांना मंजूर नव्हती. "ते कोपऱ्यातलं कशाला? एंटर मारलं की पुढं. आणि एस्केप मारलं की मागं. पण एकच पाऊल मागं हं. मागच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये एस्केप मारलं की सगळं बिलच गायब. मागं म्हणजे मागं, घराबाहेर न्हवं."

मी तेही केलं. 'खात्री आहे का? होय, नाही' असं विचारणाऱ्या खिडक्या काढल्या. छपाईच्या आधी उघडणारी खिडकी काढली. आणि रोज फोन. कधी कुकर लावताना, कधी रेवाला अंघोळ घालताना. काकींचं नाव फोनवर दिसलं की मी हातातलं काम तसंच टाकून लॅपटॉप उघडायची.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. एका दुपारी मी रेवाला खांद्यावर घेऊन थोपटत, वाकून डाव्या हाताने टाइप करत होते.

"दे इकडे तिला," त्या म्हणाल्या.

"झोपतेय, आई."

"अगं मान बघ कशी लोंबतेय तिची. अशी धरतात का? दे इकडे." आणि रेवा माझ्या खांद्यावरून उचलली गेली. ती रडली. मग सासूबाईंच्या खांद्यावर गप्प झाली. त्यांना येतंच ते, मला माहीत होतं. मी दोन्ही हातांनी टाइप करू लागले आणि एक अक्षर धड उमटेना.

मंदारला मी बाणाचं सांगितलं तेव्हा तो ऑफिसात खुर्ची गरागरा फिरवत होता.

"बाणसुद्धा नको? काय, चावतो का तो?"

"म्हणतात घालव."

"वृषाली, तू त्या बाईंचं फार ऐकतेस. थोडा माऊस ठेव ना. वीस टक्के. अडल्यावर तरी उपयोगी पडेल. हे बघ, इथे एक छोटं चिन्ह ठेवलं ना…" माझ्या हाताखालचा माऊस त्याने काढून घेतला. "दे इकडे, दाखवतो."

त्याने दाखवलं. चांगलं दाखवलं. पंधरावीस मिनिटं दाखवत होता. मी त्याच्या खांद्यामागून माझीच स्क्रीन बघत उभी राहिले.

"कळलं?"

"कळलं," मी म्हटलं, आणि घरी येऊन बाण घालवला.

नवरात्र संपता संपता भरतेशनी दिवस ठरवला. सकाळी दुकानात सगळ्यांसमोर, खऱ्या गिऱ्हाइकाचं खरं बिल. रेवा त्या दिवसांत बाटली तोंडात धरत नव्हती, त्यामुळे तिलाही न्यावं लागलं, आणि तिला न्यायचं म्हणजे सासूबाई आल्याच. "मला फॉल घ्यायचेत चार," त्या म्हणाल्या, म्हणजे जणू त्या आपल्या कामाला निघाल्या होत्या.

दुकानात मंदार आधीच पोचला होता. भरतेश उंचेपुरे, हसतमुख. त्यांनी आल्या आल्या सासूबाईंना खुर्ची दिली, रेवासाठी पंखा कमी केला, चहा सांगितला. आठवडाभर मनात त्यांचा राग धरून ठेवला होता, तो आता कुठे ठेवायचा मला कळेना.

"वहिनी, टेन्शन घेऊ नका," ते काकींना म्हणाले. "नाही आलं तर मी हायच मागं."

आणि ते खरंच काकींच्या मागे जाऊन उभे राहिले. काकींनी नुसता पदर सारखा केला.

मंदारने हळूच खिशातून माऊस काढून कीबोर्डच्या उजवीकडे ठेवला. "असू दे, काकी. अडलं तर."

टेबलावर मांजर चढलं तर उचलून खाली ठेवावं तसा काकींनी तो उचलला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. बटणांचा खळ्ळकन आवाज झाला. स्क्रीनवर काहीच हललं नाही. मी मंदारकडे बघितलं नाही. माऊसच्या जागी काकींनी इलॅस्टिकचा एक गठ्ठा आणून ठेवला.

तासगावचे एक टेलर आले होते, नेहमीचे. त्यांनी यादी सांगायला सुरुवात केली, आणि काकींची बोटं चालू झाली. दोरा, एंटर, शेड, एंटर, डझन, एंटर. इकडे "पोरगीचं लगीन ठरलं का?" आणि तिकडे अस्तर, एंटर. टेलर बोलता बोलता थांबले की काकीही थांबायच्या, बोटं कीबोर्डवर तशीच ठेवून. सासूबाई फॉल विसरून बघत होत्या.

मग टेलर म्हणाले, "काकी, ती चेन नको. ऱ्हाऊ दे. त्याच्याबदली हूक घाला."

काकींनी एक कळ दाबली. ती चुकीची होती. बिल गेलं आणि समोर गावोगावच्या गिऱ्हाइकांच्या नावांची यादी आली. आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. काकींची बोटं थांबली.

पंखा घरघरत होता. बिल कुठेच गेलेलं नव्हतं, त्या यादीच्या मागेच होतं, एक एस्केप मारला की समोर येणार होतं. मला ते माहीत होतं. मी सांगू शकत होते, एक शब्द. माझा हात उचललासुद्धा गेला होता. तो मी दुसऱ्या हाताने मांडीवर दाबून धरला. का धरला, तेव्हा मला सांगता आलं नसतं.

"वहिनी," भरतेश मऊ आवाजात म्हणाले, "द्या इकडं."

आणि त्यांचा उजवा हात काकींच्या खांद्यावरून, अगदी सवयीने, पुढे आला. कीबोर्डच्या उजवीकडे. तिथे इलॅस्टिक होतं.

हात इलॅस्टिकवर पडला. मग वर आला. टेबलावर तो थोडा इकडे गेला, थोडा तिकडे गेला, आणि मग हवेतच राहिला. एवढ्या मोठ्या माणसाचा हात, आणि त्याला धरायला काही नव्हतं. कीबोर्डवर काकींची दहाही बोटं होती. ती उचलून बाजूला केल्याशिवाय त्यांना काही करता येणार नव्हतं, आणि वहिनीच्या बोटांना हात कोण लावणार?

तो हात मी बघत राहिले. टेबलावरची जागा, सुतं, उंदीर, बाण, सगळं मला एकदम कळलं.

काकींनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी एस्केप मारला. एक पाऊल मागे. बिल समोर आलं. वरच्या बाणाच्या कळीने त्या चेनपर्यंत गेल्या, ओळ काढली, हूक घातले, एंटर.

"किती डझन म्हणाला?" त्यांनी टेलरना विचारलं.

टेलर भरतेशांकडे बघत होते. आता त्यांनी मान खाली करून काकींकडे बघितलं. "दोन करा," ते म्हणाले.

छापून आलेलं बिल काकींनी फाडून त्यांच्या हातात दिलं. भरतेश मोकळं हसले. हात अजून कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी तो स्वतःच्या मानेवरून फिरवला. "जमलं की वहिनी तुम्हाला. बसा मग तुम्हीच." आणि चहा का आला नाही ते बघायला बाहेर गेले. मंदार त्यांच्या मागोमाग, पुढच्या वर्षीच्या देखभालीचं बोलायला.

काकींनी ड्रॉवरमधून माऊस काढून माझ्यापुढे धरला. "हा घेऊन जा बाई तुमचा. त्याचा भाऊ पण आत हाय, तो पण ने."

"काकी, एवढं का हो त्याच्याशी वैर?" मी तो पर्समध्ये टाकत विचारलं.

"त्याच्याशी कसलं वैर?" त्या गठ्ठा सारखा करू लागल्या. "तो टेबलावर असला की जो तो येतो आणि हाताखालनं काढून घेतो. द्या इकडं, काकी. भरतेश म्हणतोय, त्याचं पोरगं म्हणतंय, दोऱ्याच्या कंपनीचा सेल्समन, काल मिसरूड फुटलेला, तो पण म्हणतोय. वाईट कोण न्हाई गं त्यात. मदतच करत्यात. पण मदत करता करता गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरनं बघायला लागलं. मी इथंच बसलेली, आणि भाव त्याला विचारत्यात."

"मग हे आधीच का नाही सांगितलंत? मी रोज वैतागत होते!"

"कुणाला सांगू? दीर चांगला हाय माझा. त्याची तक्रार परक्यापुढं करू? आणि तुझ्या त्या मंदारला सांगितलं असतं तर काय म्हणाला असता?"

आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "द्या इकडं."

काकी इतक्या हसल्या की रेवा दचकली आणि रडायला लागली.

रिक्षात ती थांबेचना. मी खांद्यावर घेतलं, आडवं घेतलं, रस्त्यावरच्या गाई दाखवल्या. शेजारी सासूबाईंचे दोन्ही हात पुढे आले. "दे इकडे, अशी नाही—"

"राहू दे, आई," मी म्हटलं. "माझ्याकडे राहू दे. रडू दे थोडं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात तसेच पुढे, मोकळे. मग त्यांनी ते मांडीवरच्या फॉलच्या पुडीवर ठेवले आणि रस्त्याकडे बघू लागल्या.

बऱ्याच वेळाने, रेवा हुंदके देत माझ्या मानेत शिरली तेव्हा, त्या रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "मान धर तिची."

"धरलीय."

"हं. दिसतेय."

याला आता बरीच वर्षं झाली. काकी अजून गल्ल्यावर बसतात आणि अजून फोन करतात. आता त्यांना स्क्रीनचा रंग पसंत नाही. रेवा शाळेत जाते. तिच्या गणवेशाच्या शर्टाची बटणं काकींकडचीच आहेत, पांढरी, चार भोकांची, आणि ती तिची तिलाच लावायची असतात. त्याला वेळ लागतो. फार वेळ लागतो. खाली व्हॅनवाले हॉर्न देतात, डबा भरून तयार असतो, आणि ही हनुवटी छातीला टेकवून, जीभ बाहेर काढून एका बटणाशी झटापट करत असते. सुरुवातीला माझे हात शिवशिवायचे. मग मी त्यांना काम दिलं. ती बटणं लावते तेवढ्या वेळात मी लिहिते. हे सगळं तसंच लिहिलंय, रोज एका शर्टाएवढं.

"आई," ती आत्ता म्हणाली, "खाली एक बटण उरलं."

शर्ट एका बाजूने वर गेला होता. पहिलंच बटण चुकलं होतं. खाली हॉर्न वाजला. माझा हात वहीवरून उचलला गेला.

"मग?" मी विचारलं.

तिने शर्टाकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि एक पाऊल मागे सरकली.

"मग मी परत काढते. तू तुझं लिही."